एकतीस विरुद्ध पाचशे

अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या आजींच्या कमरेवरचा, हाडापर्यंत गेलेला बेडसोर नातेवाइकांच्या मोबाइलमधून वृत्तवाहिनीवर पोहोचला, की चार दिवसांत एक मागणी हमखास पुढे येते. नियम तपशीलवार लिहा, तपासनिसाच्या हाती लांबलचक यादी द्या, प्रत्येक बाबीला गुण ठेवा आणि त्याच्या मर्जीवर काहीही सोडू नका. मागणी करणारे लोक तळमळीचे असतात, म्हणूनच त्यांच्या म्हणण्याचे खंडन गांभीर्याने करायला हवे. एक खुलासा आधीच करतो. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की 1949 च्या कायद्याखाली नोंदलेले छोटे खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. इथे विषय आहे तो परावलंबी वृद्ध महिनोन्‌महिने, अनेकदा अखेरपर्यंत राहतात त्या शुश्रूषागृहांचा.

पूर्वपक्ष असा. ‘सन्मान’, ‘घरपण’, ‘निवडीचे स्वातंत्र्य’ हे शब्द कानाला गोड लागले तरी मोजता येत नाहीत. एका तपासनिसाला जे घरपण वाटेल, ते दुसऱ्याला गबाळेपणा वाटेल. मोघम निकषावर केलेली कारवाई न्यायालयात टिकत नाही, आणि मोघमपणा जिथे असतो तिथे चिरीमिरीला वाट मिळते. त्यापेक्षा खाटांमधले अंतर किती, नोंदवहीत सही कोणाची, कूस बदलल्याची वेळ कुठे लिहायची, हे सगळे ठरवून टाकावे. मग तपासनीस कोणीही असो, निकाल एकच येईल. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण तो प्रत्यक्षात ताडून पाहिला गेला आहे आणि निकाल उलटा लागला आहे.

ती कसोटी योगायोगानेच घडली. अमेरिकेत 1986 मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अहवाल आला, पाठोपाठ 1987 मध्ये संसदेने नर्सिंग होम सुधारणा कायदा केला. तिथे तोवर संघराज्याचेच पाचशेहून अधिक नियम साचले होते, राज्यांचे निराळे. त्याच 1987 मध्ये ऑस्ट्रेलियाने अवघे 31 निकष लागू केले. आरोग्याची काळजी, सामाजिक स्वावलंबन, निवडीचे स्वातंत्र्य, घरासारखे वातावरण, खासगीपण आणि प्रतिष्ठा, अनुभवांचे वैविध्य, सुरक्षितता अशा सात उद्दिष्टांखाली ते मांडले होते. पूर्वपक्षाला जे शब्द नकोत, नेमके तेच. जॉन ब्रेथवेट, व्हॅलरी ब्रेथवेट आणि टोनी मक्काई या अभ्यासकांनी दोन्ही देशांत तपासणी पथकांबरोबर हिंडून वर्षानुवर्षे हा विषय लावून धरला. ऑस्ट्रेलियात त्यांनी सरकारी पथकाचे निर्णय स्वतंत्र निरीक्षकाच्या निर्णयांशी ताडून पाहिले. दोघांचे बहुतेक ठिकाणी एकमत निघाले. मोघम म्हणून हिणवलेल्या 31 निकषांचा निकाल अमेरिकेच्या काटेकोर नियमावलीपेक्षा जास्त भरवशाचा ठरला. 1995 मध्ये ब्रेथवेट दांपत्याने हे शोधनिबंधात मांडले आणि 2007 मध्ये तिघांनी मिळून त्यावर ग्रंथच लिहिला.

असे का व्हावे, हे कळायला फार पांडित्य लागत नाही. पाचशे नियम कुणाच्याच डोक्यात मावत नाहीत. मग प्रत्येक तपासनीस आपल्या सवयीचे, आवडीचे तीस-चाळीस नियम घेऊन फिरतो. एकाची नजर स्वयंपाकघरावर, दुसऱ्याची औषधांच्या ट्रॉलीवर, तिसऱ्याची फायलींवर. कागदावर नियम एकच असतात, प्रत्यक्षात प्रत्येकाची नियमावली वेगळी असते. मर्जीला वाव राहू नये म्हणून वाढवलेले नियमच मर्जीचे भांडार होतात. याउलट निकष एकतीसच असले की प्रत्येकावर निर्णय द्यावाच लागतो. एकही गाळता येत नाही. ‘इथे रहिवाशाचे खासगीपण जपले जाते का?’ या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर अंघोळीच्या वेळी पडदा ओढतात का ते बघावे लागते, दार वाजवून आत येतात का ते बघावे लागते, आणि मुख्य म्हणजे रहिवाशाला विचारावे लागते. मग सहकाऱ्याशी वाद घालून एका मतावर यावे लागते. वस्तुनिष्ठता येते ती या वादातून. रकाने वाढवून ती येत नाही.

चिरीमिरीचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. आपल्याकडच्या कोणत्याही लहान कारखानदाराला विचारा, इन्स्पेक्टर कशाच्या बळावर हात पसरतो? मोघम कायद्याच्या नव्हे. शंभर बारीक कलमांपैकी एक तरी तुम्ही मोडलेलेच असणार, या खात्रीच्या बळावर.

न्यायालयात टिकण्याचा आक्षेप जास्त वजनदार आहे. अमेरिकेत तपासणीत सापडलेल्या प्रत्येक उणिवेला तीव्रता आणि व्याप्ती यांच्या तक्त्यात ‘ए’पासून ‘एल’पर्यंत अक्षर मिळते. शेवटची तीन अक्षरे म्हणजे रहिवाशांना तातडीचा धोका. अक्षरावर दंड अवलंबून, म्हणून मालकांचे वकील अक्षरासाठी झगडतात. परिणाम उघड आहे. तपासनीस सिद्ध करता येईल तेवढेच लिहू लागतो, आणि सिद्ध करायला सर्वांत सोपा असतो कागद. ‘काळजी-आराखड्यात नोंद नाही’ हे पाच मिनिटांत सिद्ध होते. ‘या माणसाशी दिवसभरात कुणी धड दोन शब्द बोलत नाही’ हे सिद्ध करायला दुपारभर त्याच्या शेजारी बसावे लागते. संस्थेच्या हे लवकरच ध्यानात येते. ती आपल्या हुशार परिचारिका वॉर्डातून काढून फायलींवर बसवते. ब्रेथवेट या प्रकाराला सरळ कर्मकांड म्हणतात: ध्येयावरची श्रद्धा केव्हाच उडालेली, विधी तेवढा यथासांग चाललेला. संध्या आणि सोवळ्याची थट्टा करणाऱ्या आपल्या सुधारकांच्या परंपरेला या कर्मकांडाची ओळख पटायला हरकत नसावी.

‘मग माणसाचे मत नको, आकडे घ्या,’ असे पूर्वपक्षाचे पुढचे पाऊल. अमेरिकेने तेही केले. डिसेंबर 2008 मध्ये हॉटेलांसारखी पंचतारांकित श्रेणी आली. तपासणीचे निष्कर्ष, कर्मचाऱ्यांचे प्रमाण आणि गुणवत्तेचे मापदंड यांवरून एक ते पाच तारे. यातली पहिलीच गोष्ट सरकारी माणसाने प्रत्यक्ष पाहिलेली, उरलेल्या दोन्ही बरीच वर्षे संस्थांनीच भरून दिलेल्या. पुढे कर्मचाऱ्यांची संख्या पगारपत्रकावरून घेण्याचे ठरले आणि 2018 पासून ती ताऱ्यांसाठी धरली जाऊ लागली. त्या रोजच्या हजेरीचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. शनिवार-रविवारी माणसे लक्षणीय कमी असतात, हे त्यात दिसलेच. शिवाय वार्षिक तपासणीच्या सुमारास कर्मचारी वाढतात आणि ती उरकली की पुन्हा घटतात, हेही दिसले. कायद्याने ही तपासणी पूर्वसूचनेशिवाय व्हायची असते, सूचना फोडणाऱ्याला दंड आहे. पण दोन तपासण्यांमधले अंतर पंधरा महिन्यांच्या आत आणि सरासरी बारा महिने राखायचे असल्यामुळे पाहुणे साधारण कधी येणार हे घरच्यांना कळतेच. ‘अचानक धाड टाका म्हणजे झाले’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

औषधांची गोष्ट याहून बोलकी आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकी नर्सिंग होममधल्या सुमारे 40 टक्के रहिवाशांना खुर्चीला वा खाटेला बांधून ठेवत. 1987 च्या कायद्याने शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधण्यास मनाई केली. आज ते प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत आहे. हे मोठे यश आहे, आणि ते ‘सोयीसाठी बांधू नका’ या मोघम म्हणता येईल अशा तत्त्वाचे यश आहे. दोरीची जागा काही प्रमाणात गोळीने घेतली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना गुंगवण्यासाठी मनोविकारविरोधी औषधे सर्रास दिली जात. 2012 पासून त्यांविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, त्यांचे प्रमाण मापदंडात मोजले जाऊ लागले. आकडा उतरला आणि पाठी थोपटल्या गेल्या. मात्र मापदंडात एक सवलत होती. स्किझोफ्रेनियाचे निदान असलेला रुग्ण मोजणीतून वगळला जाई. मग सत्तरी-ऐंशीच्या वृद्धांच्या कागदांवर स्किझोफ्रेनियाची निदाने वाढू लागली, आणि हा विकार तर बहुधा तरुणपणीच प्रकटतो! केंद्रीय आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी 2022 मध्ये मांडलेला हिशेब असा की मनावर परिणाम करणारी सर्व औषधे एकत्र धरली तर 2011 ते 2019 या काळात ती घेणाऱ्यांचे प्रमाण 80 टक्क्यांच्या आसपासच राहिले. मोजलेले औषध घटले, न मोजलेली फेफऱ्याची औषधे वाढली. आजोबा होते तसेच पेंगत राहिले.

ऑस्ट्रेलियाचे गोडवे मी गातो आहे, तर तिथलाच दाखला माझ्यावर उलटवता येईल, आणि उलटवावाच. ॲडलेडजवळच्या ओकडेन इथल्या सरकारी संस्थेला 2016 मध्ये मान्यता देताना 44 पैकी 44 निकषांवर उत्तीर्ण केले होते. वर्षभरातच तिथले अंगावरचे अनाकलनीय वळ, औषधांचे चुकीचे डोस, बांधून ठेवणे असे सगळे बाहेर आले. ते बाहेर काढले एका रुग्णाच्या चिवट कुटुंबाने; तपासणीने काढले नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मुख्य मनोविकारतज्ज्ञांचा अहवाल 2017 मध्ये आला, संस्था बंद झाली, 2018 मध्ये शाही आयोग नेमला गेला. त्याच्या अंतरिम अहवालाचे शीर्षकच होते ‘हेळसांड’. म्हणजे थोडे निकषही फसले की नाही?

फसले. पण कोणते? 1997 च्या कायद्यानंतर ऑस्ट्रेलियाने आपली मूळ पद्धत मोडीत काढली होती. रहिवाशांशी मनसोक्त बोलणाऱ्या, मग संस्थेशी समोरासमोर चर्चा करणाऱ्या सरकारी पथकांच्या जागी ‘मान्यता’ आली. संस्थेने स्वतःचे मूल्यमापन स्वतः लिहायचे, तपासनीस तारीख कळवून येणार, आणि सतत सुधारणा कशी चालली आहे याचे कागद पाहणार. पुनर्मान्यतेच्या भेटी विनासूचना व्हायला 2018 उजाडावे लागले. निकष 44 असोत की चार, ते रहिवाशाच्या खाटेपासून व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये हलवले की त्यांचे पाचशे नियमांसारखेच मातेरे होते. माझा मुद्दा संख्येवर संपत नाही, हे ओकडेनने शिकवले. निकष थोडे असणे ही पूर्वअट आहे. वेळ कुठे घालवायचा हा खरा प्रश्न.

तो वेळ कुठे घालवावा? जेवणाच्या दालनात, पहिल्या घासापासून ताटे उचलेपर्यंत. भरवणारी मावशी शेजारी बसून भरवते आहे की उभ्याने दोघांच्या तोंडात आळीपाळीने चमचे कोंबते आहे? कवळी तोंडात आहे की डबीत? पाण्याचा पेला हाताच्या टप्प्यात आहे की खिडकीत शोभेला ठेवल्यासारखा? पांघरूण बाजूला सारून टाचा आणि कंबर पाहावी, कारण बेडसोर तिथे आधी धरतो. तीन महिन्यांतली वजने ओळीने वाचावीत. घंटी वाजल्यावर माणूस यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजावे, आणि रात्री मोजावे. डायपर ठरल्या वेळीच बदलतात की ओला झाल्यावर, हे साहेबांना न विचारता रात्रपाळीच्या मावशींना विचारावे. शेवटी नर्सच्या टेबलापाशी गप्प बसून ऐकावे. रहिवाशांचा उल्लेख नावाने होतो की खाटेच्या क्रमांकाने? अनुभवी वॉर्ड सिस्टर एका संध्याकाळी जे ओळखते ते वीस पानी तक्ता ओळखत नाही.

काही गोष्टींना मात्र नेमका, आकड्यांचाच नियम हवा, हे मी मानतो. आग, वीज, जिने, औषधांचे कुलूप, किमान परिचारिका यांत मतमतांतराला जागा नाही. फ्लोरिडातल्या हॉलीवूड हिल्स नर्सिंग होमची वातानुकूलन यंत्रणा सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा वादळानंतर बंद पडली आणि उकाड्याने 12 रहिवासी दगावले. त्यानंतर राज्याने जनरेटर सक्तीचा केला, ते योग्यच झाले. पण त्याच घटनेत दुसरी गोष्टही होती. रस्त्यापलीकडे वीज चालू असलेले मोठे रुग्णालय उभे होते. तिथे वेळीच रुग्ण न्यावेत असे सांगणारे कलम कोणत्याही यादीत लिहून ठेवता येत नाही. ते सुचायला रहिवाशांकडे बघणारी आणि निर्णय घेण्याची मुभा असलेली माणसे लागतात. नियमांच्या धाकाखाली वाढलेल्या संस्थेत तशी माणसे आधी मुकी होतात आणि नंतर नोकरी सोडून जातात.

सुरक्षिततेच्या नावाने यादी वाढली की जगणे कसे आक्रसते, हे अतुल गवांदे यांनी ‘बीइंग मॉर्टल’मध्ये दाखवले आहे. त्यांचे आजोबा यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावी शंभरी ओलांडून जगले, तेही घोड्यावर बसून शेतावर फेरी मारत. अमेरिकी तपासनिसाने घोड्यावरचे शतायुषी आजोबा पाहिले असते, तर बिचाऱ्याला ‘एल’च्या पुढचे अक्षर शोधावे लागले असते.

हा वाद आपल्यासाठी परका नाही, कारण आपले निकष अजून पक्के व्हायचे आहेत. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले. त्यात वृद्धांच्या निवासांची नोंदणी आणि किमान निकष यांची तरतूद होती. ते मंजूर झाले नाही. पुन्हा कधी येईल तेव्हा समित्या बसतील, आणि परदेशातल्या जाडजूड याद्या उतरवून घेण्याचा मोह प्रबळ असेल.

‘पण असे जाणते तपासनीस आणायचे कुठून?’ हा शेवटचा आक्षेप. महापालिकांच्या आणि जिल्हा रुग्णालयांतून दरवर्षी निवृत्त होणाऱ्या सिस्टर आणि मेट्रन कुठे जातात, हे एकदा विचारून पाहावे. त्यांना जोडीने पाठवावे आणि प्रत्येक निकषावर दोघींचे एकमत होईपर्यंत उठू देऊ नये. निम्मा वेळ रहिवाशांजवळच गेला पाहिजे, एक फेरी रविवारी संध्याकाळी झालीच पाहिजे. अहवाल दोन पानांचा, मराठीत, संस्थेच्या दारावर लावलेला असावा. आधी समज, मग मुदत, मग दंड, मग नवे रहिवासी घेण्यास बंदी, आणि हे सगळे हरले तर टाळे, हा चढता क्रम त्यांच्या अहवालावरून चालावा. टाळ्याचा अधिकार कागदावर न राहता खरा असला, तर बहुतेक वेळा समजेवरच भागते, असे ब्रेथवेट सांगतात. दोन सिस्टरांचे मानधन आणि एसटीचे भाडे हा खर्च राज्याला झेपत नाही असे कुणी म्हणत असेल, तर त्याने आधी पाचशे रकान्यांचे सॉफ्टवेअर किती कोटींना पडते ते सांगावे.