ओक्लोच्या खडकातली साक्ष

जून १९७२. दक्षिण फ्रान्समधल्या पिएरलात इथे युरेनियम समृद्ध करण्याचा कारखाना आहे. त्याच्या प्रयोगशाळेत तुम्ही तंत्रज्ञाच्या मागे उभे आहात. यंत्रात आफ्रिकेतल्या गॅबॉनमधून, ओक्लोच्या खाणीतून आलेल्या युरेनियमचा नमुना आहे. त्यात युरेनियम २३५ हा समस्थानिक ०.७२०२ टक्के असायला हवा. पृथ्वीवर कुठेही खणा किंवा चंद्रावरून आणलेला दगड तपासा, जवळपास तेवढाच मिळतो. इथे आकडा येतो ०.७१७१.

दशांशचिन्हानंतर तिसऱ्या घरातला फरक, पण तो सोडून देता येत नाही. युरेनियम २३५ हे बाँबचे द्रव्य, त्यामुळे त्याचा कणन्कण हिशेबात बसावा लागतो. सप्टेंबरमध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रान्सिस पेराँ उत्तर जाहीर करतात: हरवलेले युरेनियम जळून गेले आहे. ओक्लोच्या जमिनीखाली सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी अणुभट्टी चालू होती, आणि ती निसर्गानेच पेटवली होती.

तिकडेच जाऊ. गॅबॉनची ही भूमी तुम्हाला ओळखू येणार नाही. झाड नाही, गवत नाही, किडामुंगीही नाही. जिवंत आहे ते सूक्ष्म आणि पाण्यात. हवेत ऑक्सिजन आहे, पण आजच्या मानाने फार थोडा, आणि तोही भूगर्भाच्या हिशेबात नुकताच आलेला. या भट्टीला तो हवाच होता. ऑक्सिजन असलेल्या पाण्यातच युरेनियम विरघळते, वाहते आणि पुढे योग्य जागी साचून दाट होते.

आता खाली उतरा, वाळूच्या खडकात. युरेनियम २३५ चे आयुष्य युरेनियम २३८ पेक्षा कितीतरी कमी, म्हणून जितके मागे जाल तितके त्याचे प्रमाण जास्त. तुम्ही उभे आहात त्या काळात ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे. आजच्या अणुवीज केंद्रांत मोठ्या खर्चाने वाढवून साधारण तेवढेच ठेवतात. भेगांतून पाणी झिरपते आणि न्यूट्रॉनांचा वेग कमी करते. मंद झालेले न्यूट्रॉन पुढचे केंद्रक फोडतात आणि साखळी सुरू होते. खडक तापतो, पाण्याची वाफ होऊन ते निघून जाते, न्यूट्रॉन मंदावेनासे होतात आणि भट्टी आपोआप थंडावते. खनिजात अडकलेल्या झेनॉन वायूवरून शास्त्रज्ञांनी तिची लय काढली आहे: सुमारे अर्धा तास चालू, अडीच तास बंद. असे काही लाख वर्षे. रसायनशास्त्रज्ञ पॉल कुरोडा यांनी १९५६ मध्येच गणिताने दाखवले होते की निसर्गात असे घडू शकते. ते घडून गेलेले आहे, हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते.

पण तुम्हाला मी इथे आणले ते भट्टीच्या नवलाईसाठी नाही. तिच्या राखेत समॅरियम नावाचे मूलद्रव्य आहे, त्याच्यासाठी.

समॅरियम १४९ चे केंद्रक न्यूट्रॉन अधाशासारखे गिळते, पण त्या न्यूट्रॉनची ऊर्जा ०.०९७३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळ असेल तरच. केंद्रकाच्या आत विजेचे प्रतिकर्षण आणि केंद्रकीय आकर्षण यांची झुंज चालते ती कोटी-कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टची. हे मोठे आकडे एकमेकांना जवळजवळ पूर्ण खोडतात आणि उरते ती ही इवलीशी शिल्लक. विद्युतचुंबकीय बलाची ताकद ठरवणारा अंक किंचित जरी वेगळा असता, तरी शिल्लक सरकली असती, गिळण्याची ती नेमकी खिडकी हुकली असती आणि समॅरियम १४९ राखेत भरपूर उरले असते. प्रत्यक्षात ते जवळजवळ संपलेले आहे.

१९७६ मध्ये लेनिनग्राडच्या अलेक्झांडर श्ल्याख्तर या तरुण शास्त्रज्ञाने हे ओळखले. मला हा विचार विसाव्या शतकातल्या सर्वांत देखण्या विचारांपैकी एक वाटतो. खाणीतल्या खड्याला त्याने विचारले, की तू जळत होतास तेव्हा निसर्गाचे नियम आजचेच होते का? पुढे १९९६ मध्ये तिबो दामूर आणि फ्रीमन डायसन यांनी हिशेब पुन्हा कसून मांडला. दोन अब्ज वर्षांत विद्युतचुंबकीय बलाचा तो अंक एक कोटीत साधारण एका भागापेक्षा जास्त बदललेला नाही.

तो अंक म्हणजे अल्फा, सूक्ष्मसंरचना स्थिरांक, सुमारे १/१३७. त्याला एकक नाही, आणि तेच महत्त्वाचे. प्रकाशाचा वेग बदलला का, असे नुसते विचारून भागत नाही. कापडाबरोबर गजही आटला, तर माप तेवढेच येणार. म्हणून विचारायचे ते अशा निव्वळ अंकांबद्दल, ज्यांना गजाची गरजच नाही.

हे अंक बदलत असतील अशी शंका मुळात आली कोणाला? १९३७ च्या केंब्रिजमध्ये क्षणभर थांबा. नुकतेच लग्न झालेले भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक एक छोटे पत्र लिहीत आहेत. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यातले विद्युतबल गुरुत्वबलाच्या सुमारे १० चा ३९ वा घात इतक्या पट. विश्वाचे वय अणूच्या कालमापात मोजले तर तेही त्याच घरात. डिरॅकना हा योगायोग वाटत नाही. विश्वाचे वय वाढते, तर गुरुत्व क्षीण होत असले पाहिजे. १९४८ मध्ये एडवर्ड टेलर यांनी दाखवले की तसे असते, तर कोट्यवधी वर्षांमागे सूर्य इतका तापलेला असता की समुद्र उकळले असते. डिरॅकचे उत्तर टिकले नाही, पण प्रश्न मागे राहिला.

ओक्लोही दोन अब्ज वर्षेच मागे नेते. आणखी मागे जायचे तर प्रकाशाची पाठ धरा. दूरच्या क्वेसारांचा, म्हणजे अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्रांचा, प्रकाश वाटेत वायूच्या मेघांतून जातो, तिथले मॅग्नेशियम आणि लोह त्यातल्या ठरावीक रेषा शोषून घेतात. अल्फा बदलला तर लोहाच्या रेषा मॅग्नेशियमपेक्षा जास्त सरकतात. १९९९ पासून खगोलशास्त्रज्ञ जॉन वेब आणि सहकाऱ्यांनी हवाईतल्या केक दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून सांगितले की पूर्वी अल्फा लाखात अर्ध्या भागाच्या आसपास लहान होता. खळबळ उडणारच होती.

आता पुण्यात या, २००४ मध्ये, गणेशखिंडीजवळच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत. ही संस्था उभी करणारे जयंत नारळीकर यांनी स्वतः फ्रेड हॉइल यांच्यासोबत असा सिद्धांत मांडला होता ज्यात कणांची वस्तुमाने काळाबरोबर बदलू शकतात. या प्रश्नाला इथे परकेपणा नाही. रघुनाथन श्रीआनंद आणि हम चंद हे फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने टिपलेले वर्णपट तपासत आहेत, २३ मेघांचे, काही तर दहा अब्ज वर्षांहून जुन्या प्रकाशातले. त्यांना बदल सापडत नाही. वेब यांचे सहकारी पुण्याच्या गटाच्या विश्लेषणातल्या चुका दाखवतात. पुढे असेही आढळते की दुर्बिणींच्या वर्णपटलेखकांतच तरंगलांबीचे मोजमाप थोडे वाकडे होते, आणि जुन्या ‘बदला’चा बराच भाग त्यानेच समजावता येतो. बदल सापडल्याची बातमी जगभर गेली. तो न सापडल्याची मेहनत तेवढी पोचली नाही. मला ती मेहनत तेवढीच मोलाची वाटते, कारण ‘स्थिर’ हे विशेषण या अंकांना कोणी बहाल केलेले नाही, ते दर वेळी मोजूनच मिळवावे लागते.

पुढचा मुक्काम जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचा. तिथल्या घड्याळात यिटर्बियमचा एकच आयन आहे. त्याची दोन संक्रमणे अल्फाला वेगवेगळा प्रतिसाद देतात, म्हणून त्यांच्या वारंवारितांचे गुणोत्तर वर्षानुवर्षे ताडून पाहतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली मर्यादा वर्षाला १० चा उणे १८ वा घात या घरातली आहे. दराच्या हिशेबात ही ओक्लोलाही मागे टाकते. मात्र घड्याळ फक्त आजचे सांगते. अल्फा फार पूर्वी बदलून मग स्थिरावला असेल, तर त्याची खबर खडकालाच आणि जुन्या प्रकाशालाच असणार. म्हणून तिन्ही साक्षी लागतात.

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डर इथे थोरियम २२९ च्या केंद्रकातल्या एका संक्रमणाची वारंवारिता अणुघड्याळाशी जोडून मोजली गेली. त्याची ऊर्जा जेमतेम ८.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. समॅरियमसारखीच ही दोन प्रचंड बलांच्या खोडाखोडीतून उरलेली शिल्लक आहे, त्यामुळे अल्फातला बदल तिच्यात हजारो पटींनी मोठा होऊन दिसेल अशी अपेक्षा आहे. श्ल्याख्तरने खाणीतल्या राखेत शोधलेली युक्ती आता प्रयोगशाळेतल्या टेबलावर, लेसरच्या प्रकाशात करून पाहता येईल.