बोहरी आळीतलं बिनव्याजी भांडवल

ईएमआय भरणाऱ्या आपल्या पिढीला व्याज म्हणजे निसर्गनियमच वाटतो. पण रविवार पेठेतल्या बोहरी आळीचं हार्डवेअर घ्या. बोहरे मूळचे गुजरातचे. 'वोहोरवुं' म्हणजे व्यापार करणं, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. इस्लामला व्याज मंजूर नाही, म्हणून जमातीच्या निधीतून व्यापाऱ्याला 'कर्ज-ए-हसना' मिळतं. जेवढं घेतलं तेवढंच फेडायचं!

मला हे मूल्य मोठं वाटतं. पण पत जमातीतच असली की बहिष्कार थेट गल्ल्यावर येतो. १९४९ साली मुंबई प्रांताने बहिष्कारबंदीचा कायदा केला. बोहऱ्यांच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द ठरवला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा नवा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केला तो थेट २०१६ मध्ये.

बँक व्याज घेते, पण तुमची ऊठबस कुणाशी हे विचारत नाही. आता सांगा, स्वस्त कर्ज कुठलं?