महाकाय भोपळ्याच्या बियाण्याचा इतिहास : जुने वाण, नवे संकर आणि वंशावळीची नोंद

प्रस्तावना

वाणसुधारणेचे श्रेय बहुधा संशोधन केंद्रांना आणि बियाणे कंपन्यांना दिले जाते. महाकाय भोपळ्याचा इतिहास या समजुतीला अपवाद आहे. १९०४ साली ४०३ पौंडांवर, म्हणजे सुमारे १८३ किलोवर असलेला विक्रम २०२५ साली १२७८.८ किलोवर पोहोचला. ही वाढ मुख्यतः शेतकरी व हौशी बागाईतदार यांनी घडवून आणली. ती कशी शक्य झाली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जुन्या वाणांचा काळ

हा भोपळा 'कुकुर्बिटा मॅक्सिमा' या प्रजातीचा असून तिचे मूळ दक्षिण अमेरिकेत आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेचे पेटंट कार्यालय नागरिकांना बियाणे पाठवीत असे. अशाच पाकिटातील सहा बिया हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८५७ साली लावल्या. त्यांपैकी दोन उगवल्या आणि एका वेलावर १२३.५ पौंडांचे फळ आले. पुढे कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातल्या गॉडरिच गावचे विल्यम वॉर्नॉक यांनी १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ३६५ पौंडांचा, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ४०० पौंडांचा आणि १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनात ४०३ पौंडांचा भोपळा मांडला. हा विक्रम १९७६ पर्यंत अबाधित राहिला. त्या वर्षी पेनसिल्व्हेनियात ४५१ पौंडांचे फळ आले.

सात दशकांच्या या स्थैर्याचे एक कारण परागीभवनात शोधता येते. भोपळ्याच्या वेलावर नर व मादी फुले स्वतंत्र असतात आणि परागकण मधमाश्या वाहून नेतात. परागीभवन मधमाश्यांवर सोपविले, तर बीची माता ठाऊक असते, पिता अज्ञात राहतो. अशा स्थितीत मोठ्या फळाचे बी राखून ठेवणे म्हणजे अर्धीच निवड होय.

डिल यांचे कार्य

नोव्हा स्कॉशियातील विंडसर येथील शेतकरी हॉवर्ड डिल यांनी वनस्पतिशास्त्राचे औपचारिक शिक्षण नसताना जुन्या मोठ्या वाणांचे संकर व निवड अनेक वर्षे चालविली. त्यांतून 'अटलांटिक जायंट' हे वाण सिद्ध झाले. १९८१ साली त्यांच्या ४९३.५ पौंडांच्या फळाने जागतिक विक्रम केला. या वाणास अमेरिकेच्या १९७० च्या वनस्पती-वाण संरक्षण कायद्याखाली संरक्षण मिळाले. या कायद्याला वाण एकसारखे व स्थिर असावे लागते; मात्र संरक्षित वाण नव्या पैदाशीसाठी वापरण्याची मुभाही तो देतो. डिल यांच्या बियाण्याचा पुढील इतिहास या मुभेशी सुसंगत असाच घडला.

नवे संकर आणि नोंदवह्या

स्पर्धक मादी फूल उमलण्यापूर्वीच्या संध्याकाळी झाकून ठेवतात, सकाळी निवडलेल्या नर फुलाचे पराग हाताने लावतात व फूल पुन्हा बंद करतात. बियाण्याला फळाचे वजन, उत्पादकाचे आडनाव व वर्ष यांवरून नाव दिले जाते. सोबत मातापित्यांची नोंद असते. चालू वर्षीचे फळ मातृवेलाच्याच ऊतींचे बनते. पित्याचा गुण पुढच्या हंगामातील वेलावर दिसतो. त्यामुळे नोंद नसेल, तर संकराचे फलित ओळखताच येत नाही.

'२१४५ मॅकमुलेन' हे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २०१५ सालचे हे फळ स्वतः जागतिक विक्रमी नव्हते. २०१४ सालीच जर्मनीत २३२३ पौंडांहून जड फळाची नोंद झाली होती. तथापि याच फळाच्या बीपासून २०१६ साली बेल्जियममध्ये ११९०.५ किलोचा विक्रमी भोपळा आला. बियाण्याची योग्यता त्याच्या फळापेक्षा संततीवरून ठरते, हे पशुपैदाशीतील तत्त्व येथे हौशी उत्पादकांनी स्वतःच्या वह्यांतून सिद्ध केले. १९९६ साली १००० पौंडांचा आणि २०१२ साली २००० पौंडांचा टप्पा ओलांडला गेला.

या निवडीने नेमके काय बदलले, याचे उत्तर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिळते. महाकाय वाणांत पानांचे क्षेत्रफळ वा प्रकाशसंश्लेषणाची क्षमता यांतील बदलांमुळे फळ मोठे झाल्याचा पुरावा आढळला नाही. मात्र अन्नरस वाहणारी ऊती पानांच्या व फळांच्या देठांत अधिक होती. शेतकऱ्याने तराजूवर केलेली निवड वेलाच्या अंतर्रचनेपर्यंत पोहोचली होती.

जुन्या बियाण्याचा प्रश्न

या यशाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. स्पर्धेतील बहुतेक भोपळ्यांची वंशरेषा डिल यांच्या वाणाशी जाऊन मिळते. म्हणजे आधार अरुंद आहे. निवडीचा निकष केवळ वजन असल्याने चव व टिकाऊपणा मागे पडले. एका फळात मोजक्याच बिया असतात आणि साठवणीत त्यांची उगवणशक्ती घटत जाते. नव्या संकराच्या मोहात जुने पाकीट पेरावयाचे राहिले, की वहीतील नाव उरते, वाण उरत नाही.

निष्कर्ष

महाकाय भोपळ्याच्या वाढीमागे मातापित्यांची प्रामाणिक नोंद, बियाण्याची मुक्त देवाणघेवाण आणि संततीवरून केलेली पारख ही तीन कारणे दिसतात. नोंद टिकली तरी जिवंत बीजाची जागा ती घेऊ शकत नाही. म्हणून नव्या संकरांइतकीच जुन्या बियाण्यांची वेळोवेळी पेरणी करून ते जिवंत राखणे, ही या परंपरेची पुढील जबाबदारी ठरते.