धक्का मारून सुरू होणाऱ्या मोटारींचा काळ

१९५८ साली भारतात दोन चित्रपट प्रदर्शित झाले आणि दोन्हींच्या केंद्रस्थानी एकेक खटारा मोटार होती. मुंबईच्या ‘चलती का नाम गाडी’मध्ये गॅरेज चालवणारे तीन भाऊ आणि त्यांची जुनाट गाडी प्रेक्षकांना हसवतात. ऋत्विक घटक यांच्या बंगाली ‘अजांत्रिक’मध्ये मात्र छोटा नागपूरच्या मुलखातला बिमल नावाचा टॅक्सीचालक आहे. त्याची जुनी शेवरोले, ‘जगद्दल’, हीच त्याची एकमेव सोबती. तो तिच्याशी बोलतो, तिच्यावर रुसतो. रेडिएटरमध्ये पाणी ओतले की ती घटाघटा पिते, असा आवाज घटकांनी मुद्दाम योजला आहे. शेवटी गाडी भंगारात जाते.

एकाच वर्षी, देशाच्या दोन टोकांना, मोडक्या मोटारीवर दोन चित्रपट! योगायोग खराच, पण निव्वळ योगायोग नव्हे.

स्वातंत्र्यापूर्वी भारतात मोटारी बनत नसत. त्यांचे भाग परदेशातून येत आणि इथे जोडले जात. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला असा जोडणीचा कारखाना काढला होता. फोर्डचेही तसेच काम होते. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण ठरवले: ज्यांची टप्प्याटप्प्याने इथेच उत्पादन करण्याची तयारी आहे, त्यांनीच राहावे. दोन्ही अमेरिकी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. पुढे १९५७-५८ मध्ये परकीय चलनाची तीव्र टंचाई आली आणि आयातीचे उरलेसुरले दार जवळजवळ बंद झाले.

त्यामुळे आधीपासून रस्त्यावर असलेल्या ऑस्टिन, मॉरिस, हिलमन, शेवरोले या गाड्या एकाएकी अनाथ झाल्या. त्यांचे सुटे भाग येईनात आणि त्यांच्या जागी नवी गाडीही मिळेना. मग झिजलेला भाग लेथवर कातून नवा करायचा किंवा भलत्याच गाडीचा भाग घासूनपुसून बसवायचा, ही विद्या गॅरेजागॅरेजात वाढली. जगद्दलचा जन्म बिमलच्या हट्टातून झालेला दिसतो, पण त्या हट्टामागे आयात परवान्यांचे धोरणही उभे होते.

देशी मोटारीचे स्वप्न त्याहून जुने आहे आणि त्याचा धागा महाराष्ट्रातून जातो. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांना जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी भारतात घडवायच्या होत्या. मोटारीच्या योजनेत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्यांचे सल्लागार होते. ब्रिटिश सरकारने फारसा उत्साह दाखवला नाही. तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या सहकार्याने पहिली गाडी बाहेर पडली. त्यानंतर काही वर्षांतच कंपनीने इटलीच्या फियाटशी करार केला. १९५३ साली वालचंद गेले. त्यांच्या कारखान्याची खरी ओळख ठरलेली गाडी त्यांना पाहता आली नाही.

ती गाडी म्हणजे फियाट ११००. १९६४ मध्ये तिची ‘डिलाइट’ आवृत्ती आली, १९७२ मध्ये ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’. नावे बदलली; १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि पुढचे सलग बाकडे तसेच राहिले. हे मॉडेल इटलीत १९६६ मध्येच थांबले होते. कुर्ल्यात ते २००० सालापर्यंत चालले. इतका दीर्घ काळ एकच गाडी विकली जाणे हे तिच्या गुणांचे प्रमाणपत्र मानण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

कारण ग्राहकापुढे निवडीला वाव नव्हता. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याची अॅम्बॅसेडर, मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड आणि कुर्ल्याची फियाट, एवढाच बाजार. सत्तरच्या दशकात साऱ्या देशात वर्षाला साधारण तीस-चाळीस हजार मोटारी तयार होत. १९५९ च्या नियंत्रण आदेशाने विक्री आणि वाटपावर सरकारची नजर होती. पैसे भरून नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. हाती आलेल्या गाडीला खुल्या बाजारात कारखान्याच्या किमतीहून अधिक भाव मिळे. म्हणूनच नवी गाडी लगेच विकण्यावर निर्बंध होते. जिथे वापरलेली वस्तू नव्याहून महाग विकली जाते, तिथे उत्पादकाने दर्जाची फिकीर का करावी?

तक्रारी इतक्या वाढल्या की साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारींच्या दर्जाची चौकशी करण्यासाठी सरकारला समिती नेमावी लागली. १९६९ मध्ये किमतीही सरकारनेच ठरवल्या, तेव्हा उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७१ मध्ये त्या खटल्याचा निकाल लागला. न्यायासाठी त्यांची बाजूही नोंदवायला हवी: उत्पादनाची क्षमता परवान्याने बांधलेली, यंत्रे आणण्यासाठी परकीय चलन मिळणे अवघड आणि विक्रीची किंमत दुसऱ्याच्या हातात. दोष कोणा एकाचा नव्हता, पण त्याचा भुर्दंड कोणीतरी भरतच होते.

तो भरला गाडी वापरणाऱ्यांनी. कारखान्यात जी विश्वासार्हता घडली नाही, ती रोज सकाळी घराच्या दारात घडवावी लागे. थंडीत चोक ओढायचा. नाही जमले तर हँडल मारायचे. तेही नाही जमले तर शेजाऱ्यांना हाका मारून धक्का. पॉलिश पेपरने पॉइंट्स घासणे, प्लगवरची काजळी काढणे, कार्बोरेटरचे जेट फुंकून साफ करणे, ही कामे मोटारमालकाला यावीच लागत. पुण्याला जाताना बोरघाटात गाडी तापणे तर गृहीतच धरलेले. उन्हाळ्यात पेट्रोल पंपातच वाफ होऊन इंजिन मान टाकी, तेव्हा पंपावर ओले फडके गुंडाळून बसायचे. बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग आणि शिंग्रोबाच्या देवळापाशी वाहिलेले नाणे, ही जुन्या मुंबई-पुणे रस्त्याची दोन दृश्ये एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत.

आज त्या पिढीची माणसे आपल्या गाड्यांची वंशावळ सांगतात: आधी कोणाकडून तरी घेतलेली चौथ्या हाताची मॉरिस, मग ज्या फियाटमध्ये मुले मोठी झाली ती, आणि निवृत्तीच्या सुमारास मारुती. या कथनांत एक गंमत आहे. मॉरिस आणि फियाटबद्दल किस्से संपत नाहीत. मारुतीबद्दल सांगण्यासारखे काहीच नसते. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. ७९६ सीसीची ही लहानशी गाडी किल्ली फिरवली की सुरू होई. जी गाडी रोज निमूट चालते, तिची आठवण तयार होत नाही. स्मृती हे साधन वापरताना हा तिरकसपणा ध्यानात ठेवावा लागतो: बिघाड हा प्रसंग असतो, सुरळीतपणा हा प्रसंग नसतो.

‘जुन्या गाड्या मजबूत होत्या’ हे विधानही असेच तपासून घ्यावे. पत्रा जाड होता आणि दुरुस्ती कोणत्याही नाक्यावर होत असे, हे खरे. पण ज्या वस्तूची दुरुस्ती नाक्यानाक्यावर होते, ती वारंवार बिघडत असली पाहिजे, हेही त्यातच आले.

गाडी त्या काळी किती मोठी गोष्ट होती, याचे सर्वांत बोलके उदाहरण लालबहादूर शास्त्रींचे. त्यांचे पुत्र अनिल शास्त्री यांनी सांगितल्यानुसार, पंतप्रधान असताना शास्त्रींनी १२,००० रुपयांची फियाट घेतली. बँकेत ७,००० होते. उरलेल्या ५,००० साठी पंजाब नॅशनल बँकेचे कर्ज काढले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचे निधन झाले आणि ते कर्ज ललिता शास्त्री यांनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले.

मात्र या साऱ्या आठवणी मालकांच्या आहेत. घाटात तापलेली गाडी कुटुंबासाठी पुढे आयुष्यभर सांगायचा किस्सा होते. टॅक्सीचालकासाठी ती बुडालेली रोजी असते. तीच फियाट, काळा-पिवळा रंग लावलेली, मुंबईत हजारो घरांची चूल पेटवत होती. कोलकात्याने अॅम्बॅसेडर पत्करली. मुंबईला अरुंद रस्त्यांत वळणारी आणि शहरातच तयार होणारी गाडी सोयीची पडली. सुट्या भागांसाठी कुर्ल्याची दुकाने जवळ होती. पुण्यात नाना पेठ होती. गॅरेजात ‘पाना आण’ म्हटल्यावर धावणारी दहा-बारा वर्षांची मुले हाही या दुरुस्तीव्यवस्थेचाच भाग होता. मालकांच्या किश्शांत ती क्वचितच भेटतात, भेटली तरी नावाने नाही. ‘अजांत्रिक’चे मोल इथे कळते. त्यात गाडीवर जीव लावणारा माणूस तिच्याच जिवावर जगतो. तिचे इंजिन थांबले की त्याचे पोटही थांबते.

कारखाना थांबल्यावरही टॅक्सी धावत राहिल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओमध्ये २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षांची. त्या हिशेबाने ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात एकही पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. शास्त्रींची फियाट दिल्लीतील त्यांच्या स्मारकात जपून ठेवलेली आहे. मुंबईच्या टॅक्सींपैकी किमान एक तरी संग्रहालयात ठेवावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली होती.