पंचगंगेवरील शिवाजी पूल

नेसरीहून गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी, कागल या मार्गाने कोल्हापुरास येणाऱ्या प्रवाशास हिरण्यकेशी, वेदगंगा व दूधगंगा अशा तीन नद्या ओलांडाव्या लागतात. परंतु जिच्या काठी करवीर नगरी वसली ती पंचगंगा मात्र त्याच्या वाटेत येत नाही. तिच्या दर्शनास शहर मागे टाकून पश्चिमेस रत्नागिरीच्या रस्त्यास लागावे लागते. नेसरीकराने एवढा वळसा अवश्य घ्यावा. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर आपल्या सहा स्वारांसह जेथे पडले, त्या खिंडीच्या गावचा तो! इतिहासास अडचणीची जागा प्रिय असते, मग ती खिंड असो की नदीचा उतार, हे त्यास निराळे सांगावयास नको.

कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या चार नद्या आणि पाचवी गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा झाली, असे लोक मानतात. चिखलीजवळच्या प्रयागाच्या संगमानंतर ती शहराजवळ येते तेव्हा तिच्या काठी एक टेकाड लागते. ते ब्रह्मपुरी होय. त्याच्याच पायथ्याशी १८७४ ते १८७८ या काळात हा दगडी कमानींचा पूल उभा राहिला. संस्थानचे छत्रपती चौथे शिवाजी त्या वेळी अल्पवयीन होते व कारभाराची सूत्रे इंग्रजांच्या हाती होती. पन्हाळ्यास अथवा आंबा घाटाने कोकणात जाणाऱ्यास भर पावसाळ्यात नावेवाचून गत्यंतर नसे; ती अडचण या पुलाने दूर केली.

तथापि ही जागा इंग्रज इंजिनियरांनी शोधून काढली असे कोणी समजू नये. दोन हजार वर्षांपूर्वी येथे सातवाहनकालीन संपन्न नगर नांदत होते. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकळिया व मोरेश्वर दीक्षित यांनी ब्रह्मपुरीचे शास्त्रीय उत्खनन केले. विळिवायकुर, शिवलकुर अशी चमत्कारिक नावे धारण करणारे आणि नाण्यांवर मातेच्या नावाने स्वतःस वासिष्ठीपुत्र, माठरीपुत्र म्हणविणारे राजे कोल्हापुरानेच आपणांस दिले. त्यांच्या नाण्यांवर धनुष्यबाण आहे. पण सर्वांत नवल वाटते ते ब्रह्मपुरीत सापडलेल्या काशाच्या एका लहानशा मूर्तीचे. ती पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची आहे! भूमध्य समुद्रावरचा हा देव सह्याद्री चढून पंचगंगेच्या काठी आला तो कोकणातील एखाद्या बंदरातून, घाटवाटेनेच आला असला पाहिजे. टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात त्याचे दर्शन घडते. पूल पाहावयास येणाऱ्याने आधी ही मूर्ती पाहावी असे आम्ही म्हणू; मग या रस्त्याचे वय ध्यानात येते.

याच प्राचीन वैभवाने पुढे एक कठीण प्रसंग आणला. ब्रह्मपुरी हे संरक्षित स्थळ. प्राचीन स्मारकांसंबंधीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन अशा स्थळाभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई झाली. जुना पूल थकला म्हणून शेजारी नवा बांधावयास घेतला होता. काम बरेचसे झाले आणि या कायद्याने अडले. अडले ते वर्षानुवर्षे! मोटार अजून जन्मास यावयाची होती त्या काळचे कठडे मोटारींची वर्दळ सोशीत राहिले. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री एक प्रवासी गाडी कठडा तोडून नदीत कोसळली व तेरा माणसे प्राणास मुकली. गणपतिपुळ्याहून परतणारी ती मंडळी होती. त्यानंतर २०१९ साली नवा पूल वाहतुकीस खुला झाला.

आमच्यासारख्या जुन्या दगडांत रमणाऱ्यांना या हकीकतीने अस्वस्थ केले पाहिजे. कायदा वाईट नव्हे. तो नसता तर ब्रह्मपुरीवर हवेल्या चढावयास उशीर लागला नसता. पण धनिकाची हवेली आणि लोकांच्या वहिवाटीचा पूल यांस त्याने एकाच मापाने मोजले. शिवाय त्यात रक्षण कशाचे झाले? टेकडीच्या पायथ्याचा दीडशे वर्षांचा पूल हीही एक पुराणवस्तूच होऊ लागली होती, आणि तिला जपावयाचे तर प्रथम तिच्या पाठीवरचा भार उतरवावयास हवा होता. स्मारकाच्या नावाखाली दुसरे स्मारक झिजत ठेवावे, हा कोठला न्याय?

२००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांतही जुन्या कमानी ढळल्या नाहीत. नवा पूल जवळच आहे. आता जुन्याची डागडुजी सावकाश व जाणकारांच्या हातून होऊ शकेल. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास जोतिबाच्या डोंगराकडे निघालेल्या सासनकाठ्या गुलाल उधळीत नदी ओलांडतात, तेव्हा ब्रह्मपुरी त्यांच्या बाजूसच असते. त्या गर्दीत पोसायडनाची आठवण कोणासच नसते, आणि तशी अपेक्षाही आम्ही करीत नाही.