'चालू' कशाला म्हणावं?

मराठीत 'चालू' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. यंत्र चालू असतं आणि माणूसही चालू असतो. पहिल्याचं समाधान वाटतं, दुसऱ्यापासून जपून राहावं लागतं. वापरलेल्या राउटर-स्विचच्या व्यवहारात हे दोन्ही अर्थ एकाच डब्यात नांदतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानदार जुना स्विच प्लगला लावतो, हिरवे दिवे लुकलुकतात, तो 'ओके आहे, चालू आहे' म्हणतो आणि 'टेस्टिंग वॉरंटी' देतो. म्हणजे इथेच तपासून घ्या, पायरी उतरलात की माल तुमचा. तो खोटं बोलत नसतो. दिवे खरंच लागलेले असतात. पण दिवे लागले म्हणून यंत्र कामाचं ठरत नाही, एवढंच या पुस्तकाला सांगायचं आहे; पानं मात्र त्यासाठी बरीच खर्ची पडली.

या विषयाच्या दारात कुणाला अडवलं जात नाही. भंगाराच्या दुकानात बसणारा मुलगा, आयटीआयचा विद्यार्थी, शाळेची संगणक-खोली सांभाळणारे सर, सगळ्यांना आत जागा आहे. अमेरिकेत पोर्टलंड शहरात २००० साली सुरू झालेल्या 'फ्री गीक' या संस्थेने तर जुने संगणक तपासून पुन्हा वापरात आणण्याचं काम स्वयंसेवकांच्या बळावर उभं केलं. इथे पदवीपेक्षा संशय घेण्याची सवय अधिक उपयोगी पडते.

संशयाची सुरुवात अडॅप्टरपासून करावी. 'डेड' म्हणून फेकलेल्या घरगुती राउटरचा गुन्हेगार पुष्कळदा भिंतीवरचा तो काळा ठोकळाच असतो. मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्ट चोख दाखवतो. राउटर जोडून भार टाकला की मान टाकतो. आतला कपॅसिटर फुगलेला किंवा सुकलेला असतो. दुसरा, खात्रीचा अडॅप्टर लावून बघितल्याशिवाय कुठल्याही राउटरला मेलेला म्हणू नये. व्होल्टेज आणि पिनची उलटसुलट बाजू मात्र आधी वाचावी, नाहीतर जिवंत असलेलाही जाईल.

दुसरी जागा पोर्टची. साध्या तांब्याच्या केबलवरून गिगाबिट नेणारं मानक १९९९ चं. त्याला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. १०० मेगाबिटचं काम दोन जोड्यांवर भागतं. त्यामुळे पोर्टची एखादी पिन वाकली किंवा एक जोडी तुटली, तर बरीच उपकरणं तक्रार न करता १०० वर उतरतात. दिवा लागतो, इंटरनेटही चालतं. एका शाळेसाठी मी असाच एक स्विच 'तपासून' दिला होता. वर्षभर तिथली मुलं एकदशांश वेगावर बसली आणि माझ्या वहीत त्याच्यापुढे टिकमार्क होता. तेव्हापासून मी दिवा न बघता जोडणीचा वेग बघतो, पोर्टागणिक, आणि तोही स्वतःच्या केबलने.

मोठ्या उपकरणांसाठी १९९९ चीच एक शिस्त आहे, आरएफसी २५४४. ६४ बाइटपासून १५१८ बाइटपर्यंतच्या फ्रेम पाठवून उपकरण कुठे दमतं ते ती पाहते. गिगाबिटच्या एका पोर्टवर सर्वांत लहान फ्रेम सेकंदाला १४,८८,०९५ इतक्या जाऊ शकतात. ऑफिसातल्या रॅकमधून आलेल्या स्विचला ही कसोटी शोभते. घरच्या राउटरला तिचा हट्ट नको. आयपर्फ हे वेग मोजणारं सॉफ्टवेअर लावून तासभर डेटा वाहू द्यावा आणि हात लावून तापतोय का पाहावं. गार असताना शहाण्यासारखी वागणारी यंत्रं तापली की खरा स्वभाव दाखवतात.

तरी काही यंत्रं कसोटीलाही फसवतात. इंटेलच्या ॲटम सी २००० मालिकेतल्या चिपमध्ये घड्याळाचा संकेत देणारा भाग कालांतराने निकामी होतो. २०१७ मध्ये हे उघड झालं तेव्हा सिस्कोने आपल्या काही उपकरणांना दीड वर्षाच्या वापरानंतर हा धोका असल्याचं कळवलं. आज सगळ्या परीक्षा पास. उद्या वीज गेली आणि आली की कायमचं बंद. चालू या शब्दाचा दुसरा अर्थ इथे पुरेपूर लागू पडतो. म्हणून मॉडेलचा इतिहास वाचणं हेही तपासणीचंच काम.

आणि तपासणीच्या आधी यंत्रातली जुनी माहिती पुसणं. ईसेट या सायबर-सुरक्षा कंपनीने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीसाठी १८ वापरलेले राउटर विकत घेतले होते. त्यातल्या चालणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांत आधीच्या मालकाची गोपनीय माहिती तशीच होती. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचवर सेटिंग पुसलं तरी व्हीलॅनची, म्हणजे नेटवर्कच्या अंतर्गत विभागांची, फाइल फ्लॅशमध्ये मागे राहते, ती वेगळी काढावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे. मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचंही तेच.

सगळ्यात अवघड निकाल जिवंत यंत्रांचा असतो. ज्या राउटरचे सुरक्षा-अपडेट कंपनीने थांबवले, तो ठणठणीत असला तरी कुणाच्या घरी द्यावा का? ओपनडब्ल्यूआरटीसारखं मुक्त सॉफ्टवेअर चढलं तर द्यावा. पण ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या जुन्या डब्यांत त्याच्या नव्या आवृत्त्या मावत नाहीत. ते मोडीत काढावेत, हे माझं मत, आणि ते सगळ्यांना पटत नाही. याउलट आठ पोर्टचा साधा, सेटिंग नसलेला स्विच. त्यात अपडेट करण्यासारखं काही नसतंच. असा स्विच मोडीत घालताना माझा हात अडखळतो.

जे खरंच गेलं ते धातू काढण्यासाठी ॲसिडच्या टबात जाऊ नये. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम २२.३ टक्क्यांचं रीतसर संकलन आणि पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत राउटर आणि मोडेमही आहेत. ते नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडेच जायला हवेत.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक मल्टिमीटर, एक कन्सोल केबल, एक खात्रीची नेटवर्क केबल आणि एक वही जवळ घ्या. वहीत 'ओके' लिहू नका. काय तपासलं आणि किती वेग मिळाला, ते लिहा.