अनुदान कोणत्या वाटेने येते

छतावरच्या सौर विजेचा आपल्याकडचा इतिहास सहसा अनुदानाच्या वाढत्या आकड्यांतून सांगितला जातो. माझ्या मते तो पैसा कोणत्या वाटेने आला, याचा इतिहास आहे. २०२२ पर्यंत छतांवर ४० गिगावॅट क्षमता उभारण्याचे केंद्राचे लक्ष्य हुकले आणि मुदत २०२६ पर्यंत वाढवावी लागली. केंद्राच्या या योजनेच्या २०१९च्या दुसऱ्या टप्प्यात घरांना ३ किलोवॅटपर्यंत ४० टक्के अनुदान होते, म्हणजे काही कमी नव्हते. पण वितरण कंपनीने निविदा काढून दर आणि विक्रेते ठरवायचे, ग्राहकाने अनुदान वजा करून उरलेली रक्कम भरायची आणि विक्रेत्याने बाकीची कंपनीकडून वसूल करायची, अशी ती रीत होती. पैसे अडकण्याची धास्ती असलेला विक्रेता दोन-तीन किलोवॅटच्या कामासाठी कशाला धावेल? आणि छतावर वीज तयार करणारे घर बहुधा वितरण कंपनीचे चांगले बिल भरणारे घर असते. तिला तरी घाई कसली?

२०२२च्या जुलैत राष्ट्रीय पोर्टल आले. ग्राहकाने नोंदणीकृत विक्रेता स्वतः निवडायचा, तपासणी होऊन नेट मीटर बसला की अनुदान थेट त्याच्या बँक खात्यात. फेब्रुवारी २०२४मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजनेने ३ किलोवॅटला ७८,००० रुपये दिले. त्याच सुमारास १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यता तपासणीतूनही सूट मिळाली.

यावर कोणी म्हणेल, २०२४ला रक्कमच वाढली आणि पॅनेलही स्वस्त झाले होते. ते खरेच आहे, आणि त्याचा वाटा मी नाकारत नाही. पण २०१९ला केंद्राचे ४० टक्के सगळ्या राज्यांना सारखेच होते. तरी ‘सूर्य गुजरात’ योजना राबवणारा गुजरात घरगुती सौर विजेत इतरांच्या फार पुढे गेला. रक्कम तीच असताना पडलेला हा फरक राबवणुकीचाच म्हणावा लागतो.

नव्या वाटेतही खाचखळगे आहेत. पूर्ण रक्कम आधी घरमालकानेच उभी करायची, म्हणून हप्त्याने कर्ज देण्याची सोय करावी लागली. महिन्याला १०० युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्याला महाराष्ट्रात मुळात दर कमी, त्यामुळे त्याची बचतही थोडी. सोसायट्यांना किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, तेही लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी. ज्याच्या नावावर सदनिका आहे पण छत नाही, त्याच्या स्वतःच्या मीटरवरचे बिल या अनुदानाने कमी होत नाही.